उताऱ्यात आहे तेवढंच

एनडीए, सीडीएस, एएफकॅट: सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या या परीक्षा वेगवेगळ्या, पण या वेळच्या बहुतेक पत्रांत रडगाणं एकच. इंग्रजी उतारा. त्यातली चार पत्रं घेतो.

मी मराठी माध्यमाचा, आता बारावी शास्त्र. एनडीएचा उतारा वाचताना प्रत्येक वाक्याचं मनात मराठी करतो. वेळ पुरत नाही. काय करू? – लातूर

मराठी करण्यात काही बिघडत नाही. तू शब्दाला शब्द लावत बसतोस, तिथे वेळ जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबायची आपल्याला सवय. इंग्रजीत क्रियापद बहुधा कर्त्याच्या मागोमाग येतं आणि पुढे शेपूट वाढत जातं. शाळेत संस्कृत श्लोकाचा अन्वय लावायचास ना? तसंच इथे कर. कोणी, काय केलं, एवढंच आधी शोध. 'विच', 'हूज', 'दॅट'नंतरचं लटांबर दुसऱ्या वाचनात बघ.

पहिले पंधरा दिवस घड्याळ बाजूला ठेव. रोज एकच उतारा, पण प्रत्येक वाक्याचा अन्वय लावून. नंतर वेळ लाव. सामान्य क्षमता चाचणीत 150 मिनिटांत 150 प्रश्न असतात, त्यांपैकी इंग्रजीचे 50, गुण 200. मिनिटाला एक प्रश्न ऐकून घाम फुटतो, पण समानार्थी शब्दासारखे प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटतात. तिथली शिल्लक उताऱ्यावर खर्च कर.

उतारा नीट कळतो. तरी शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. – शिरोळ

तुझ्या गावावरूनच उदाहरण देतो. समज, उताऱ्यात लिहिलंय: कालवे आले, काही भागांत उत्पन्न वाढलं, मात्र जिथे निचरा नव्हता तिथे क्षार वर आले. लेखकाचं म्हणणं काय? पहिला पर्याय: कालव्याच्या पाण्याने जमिनी नापीक होतात. दुसरा: निचरा नसेल तर पाण्यामुळे जमिनीचं नुकसान होऊ शकतं. क्षारपड रानं लहानपणापासून पाहिलेल्या शिरोळच्या मुलीचा हात पहिल्याकडे जाणार. उत्तर दुसरं. पहिल्या पर्यायातून 'काही भागांत' आणि 'निचरा नव्हता' या दोन्ही अटी गळाल्या आहेत.

एनडीए आणि सीडीएस घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांआधी सूचना छापलेली असते: उत्तरं फक्त उताऱ्यातला मजकूर आणि लेखकाचं मत यांवरून द्या. मुलं ती ओलांडून पुढे जातात, आणि ज्याचं वाचन दांडगं तोच इथे जास्त फसतो. म्हणून पर्याय निवडला की उताऱ्यातल्या ज्या ओळीमुळे निवडलास तिच्यावर बोट ठेव. ओळ सापडली नाही, तर ते उत्तर तुझं आहे, लेखकाचं नाही.

'ऑलवेज', 'ओन्ली' दिसलं की पर्याय खोडा, असं क्लासवाले सांगतात. मला हे पटत नाही. लेखकाने स्वतःच 'ओन्ली' म्हटलं असेल तर? 'सम', 'मे', 'हाऊएव्हर' उताऱ्यात कुठे आहेत ते बघ आणि पर्यायात ते टिकलेत का ते ताड.

सीडीएस आणि एएफकॅट दोन्ही देतोय. खात्री नसेल तर प्रश्न सोडावा का? – पुणे

हिशेब मांडा. सीडीएसला चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग जातो. एएफकॅटला बरोबरचे 3, चुकीचा 1 वजा. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरीने हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तरी पारडं तुमच्याकडे झुकतं. दोन खोडले तर उत्तर द्याच. उतारा न वाचता गोळे मात्र रंगवू नका. सीडीएसचा इंग्रजीचा पेपर 120 प्रश्नांचा, दोन तासांचा. घाई करण्याइतका तोकडा नाही.

मुलगा दहावीत आहे, छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये (एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेत) जायचं म्हणतो. पाच हजार शब्दांचं पुस्तक घेऊन द्यावं का? – वाई

पैसे वाचवा. पाठ केलेला शब्द वाक्यात भेटला नाही, तर महिन्याभरात पुसला जातो. त्याऐवजी इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख रोज, आणि वाचून झाल्यावर त्याने तुम्हाला मराठीत तीन वाक्यांत सांगायचं की लेखक काय म्हणतोय. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. 'मग याला त्याचा विरोध आहे की पाठिंबा?' एवढं विचारा. तो अडखळला, तर पेपर पुन्हा हातात द्या. एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण त्या अकरावीला काढा. आत्ताच दाखवल्यात तर पोरगं उगाच दबेल.