सुपरमार्केटमधून क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर) घेताना
डब्यावरचं चित्र नंतर बघ, आधी कॅन उलटा करून तळाशी तारीख छापलीय का ते शोध. आयपीए (इंडिया पेल एल) या कडवट, सुगंधी बिअरचा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, वासात असतो आणि तोच सगळ्यात आधी उडतो. भरून 3 महिने झाले असतील तर मी ती उचलतच नाही. शिळी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि नवख्याला वाटतं, क्राफ्ट बिअर अशीच असते. याचं खरंच वाईट वाटतं, कारण बनवणाऱ्याने बहुतेक वेळा जीव ओतलेला असतो. दिव्याखाली उभी असलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली नकोच, उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र दर्प येतो. तपकिरी बरी, कॅन उत्तम, तोही फ्रिजमधला. कडक इम्पिरियल स्टाउट (गडद काळी, जास्त अल्कोहोलची बिअर) मात्र जुनी असली तरी बिनधास्त घे. आणि ग्लासात ओतूनच पी, कॅनला तोंड लावलंस तर वास कळणार नाही.