अपुऱ्या दिवसांचं बाळ १८०० ग्रॅमचं झालं, तरी डॉक्टर सोडत नाहीत. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी न्यावं का?

नेऊ नका.

का ते सांगतो, पण त्यासाठी २०१९ च्या गणेश चवथीपर्यंत मागे जावं लागेल. तुम्ही विचारलंय तेच तेव्हा माझ्या थोरल्या भावाने मला फोनवर विचारलं होतं: "वजन झालं ना? मग ठेवलंय कशाला?"

आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, १२८० ग्रॅमची. ऑगस्ट संपत आला तेव्हा ती १७९० वर पोचली होती. काचेच्या पेटीतून बाहेर आलेली, साध्या पाळण्यात अंगाची ऊब राखणारी, नाकातली नळी निघालेली, बोंडल्याने दूध पिणारी. माझ्या हिशेबाने घरी यायला तयार. सिस्टरच्या हिशेबाने नाही, कारण मोजणी पुरी झाली नव्हती.

अशी बाळं झोपेत श्वास घ्यायचा विसरतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्रच कच्चं असतं. वीस सेकंदांहून जास्त थांबतात, कधी त्याहून कमी, पण तेवढ्यात ठोके घसरतात. त्यावर कॅफीन देतात, हो, आपल्या कॉफीतलंच. ते बंद केलं म्हणून लगेच काही कळत नाही, कारण एवढ्याशा जिवाच्या अंगातलं कॅफीन निम्मं उतरायलाच चारेक दिवस जातात. आधी ते उतरू द्यायचं, मग ओळीने सात दिवस एकदाही श्वास थांबता कामा नये. मध्ये एकदा थांबला की परत शून्य. तुमचंही बहुतेक हेच चाललं असेल, विचारा त्यांना.

आमची मोजणी सोमवारी २६ ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे पुढच्या सोमवारी, २ सप्टेंबरला, सुट्टी. नेमकी चवथ! मी घरी कळवूनही टाकलं. आमचं मूळ घर गोव्यात सत्तरीत, दीड दिवसाचा गणपती, आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळांफुलांची मंडपी, बांधायचं काम माझं. कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस कुठे लटकवायचे ते आजोबांनंतर मलाच माहीत, असं निदान मी तरी समजतो. बाळंतपणाचा सोयर कधीचाच फिटला होता, तेव्हा तीही अडचण नव्हती.

शनिवारी रात्री, म्हणजे रविवार उजाडायच्या आत तीनच्या सुमारास, ती माझ्या छातीवर होती. कांगारू म्हणतात त्याला, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची. बायको दूध काढायला गेली होती. मला डुलकी लागली असेल, मी नाकारत नाही. मॉनिटर वाजला तेव्हा ऑक्सिजनचा आकडा ७२ वर घसरला होता. मला छातीवर काहीच वेगळं जाणवलं नाही, हे मी आजही लोकांना सांगतो. ती धडपडली नाही, रडली नाही, फक्त गप्प होती. सिस्टरने येऊन तळपायाला टिचकी मारली, एकदा, दोनदा. ओठांभोवती वहीवर शाई फुटावी तशी निळसर कड आली होती. दुसऱ्या टिचकीला तिने श्वास घेतला आणि कड पुसली गेली. सिस्टरने चार्टवर लाल रेघ मारली आणि खाली शून्य लिहिलं.

मी भांडलो. मशीनची वायर सुटली असेल म्हटलं. सकाळी दादाचा फोन: "माटोळी कोण बांधणार? सही कर आणि घेऊन ये, आपण सगळे सोळा जणं केवढ्या डोळ्यांनी बघणार तिला!" मी खरंच कागद मागितला. त्यांनी दिलाही, वाद न घालता. बायकोने तो टेबलावर ठेवला, त्यावर दुधाची वाटी ठेवली आणि म्हणाली, "तू जा माटोळी बांधायला. आम्ही दोघी इथेच."

गेलो नाही. आयुष्यातली पहिली चवथ चुकली.

त्यानंतर रविवार ८ सप्टेंबरपर्यंत तिचा श्वास एकदाही थांबला नाही. आम्ही घरी गेलो, आणि इथूनच दादाचं सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. त्याचं म्हणणं, "बघ, आठ दिवस काही झालं नाही, उगाच ठेवून घेतलं." अरे, काही होत नाही हेच तर बघायचं होतं! दरवर्षी माटोळी बांधताना तो हे काढतो आणि दरवर्षी मी हातातली सुतळी सोडून भांडायला उतरतो. सोळा जणांच्या डोळ्यांचं तर नावच नको. पहाटे तीनला ते सोळा जण घोरत असतात. आणि आमच्या घराला तेव्हा धड रेंज नव्हती. १०८ ला फोन लावायचा तर वर रस्त्यापर्यंत चढून जायचं, तेही भर पावसात. घर किती लांब, फोन लागतो का, रात्री गाडी मिळते का, हेही डॉक्टर विचारतात. आम्हाला विचारलं होतं आणि मी चक्क खोटं सांगितलं होतं.

वजनाचं म्हणाल तर कुठलाही एक आकडा धरून बसू नका. रोज थोडं थोडं वाढतंय ना, पेटीबाहेर अंग गार पडत नाही ना, दम न लागता दूध ओढतं ना, हे बघतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसायला लागतो, त्याआधी घाई करून उपयोग नाही. १६०० ला सोडलेली बाळं आमच्या शेजारच्या खाटेवर होती आणि मजेत गेली.

मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. काही ठिकाणी पाच दिवसच मोजतात. तुम्हाला थांबवण्याचं कारण वेगळं असू शकतं, जंतुसंसर्ग, कावीळ, काहीही. आणि खर्च परवडत नसेल तर तसं तोंडाने सांगा, सरकारी हॉस्पिटलात हलवता येतं का विचारा. ती सही करण्यापेक्षा ते बरं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी गडबडीत राहून जातं. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या खाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, जन्मापासून महिन्याच्या आत, आणि फारच लवकर झालेल्याचा त्याहून आधी. पडद्याचा दोष वेळेत सापडला तर लेझरने थांबवता येतो, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. पहिली तपासणी झाली तरी पुढच्या तारखा असतात, त्या डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. तारीख चवथीच्या दिवशी आली तरी जा.