न बघितलेला आकडा

पोरा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता. उत्तर मुद्दाम सकाळी लिहितोय. रात्री लिहिलं असतं तर तुझ्या त्या ऑपरेटरला शिव्याच जास्त झाल्या असत्या.

सकाळी आठला तू शिकाऊ म्हणून सबस्टेशनला पोचतोस आणि तो रात्रीची कोरी लॉगशीट, म्हणजे दर तासाचे मीटरचे आकडे लिहायचा तक्ता, पुढे करतो. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, भरून टाक.’ तू विचारतोस, सर, सगळेच असं करतात का? आणि त्याखाली मॉलच्या मेंटेनन्सची नोकरी, डिप्लोमा, दुबई अशी पुढच्या वाटांची यादी. यादीचं शेवटी बघू. तुझा घोळ तिथे नाहीच.

पुष्कळ जण करतात, हो. तू करायचं नाही. न बघितलेला आकडा लिहायचा नाही. तुझी हजेरी सकाळी आठपासूनची. म्हणजे पहाटे तीनला तू तिथे नव्हतास हे कागदोपत्रीच ठरलेलं आहे, आणि तीनच्या रकान्यात अक्षर तुझं! उद्या काही झालं तर अक्षर चांगलं होतं म्हणून कोणी शाबासकी देणार नाही.

प्रामाणिकपणावर प्रवचन देत नाहीये. ते तुला घरून मिळालंय. मी कामाबद्दल बोलतोय. बॅटरी रूमचंच घे. फॉल्ट आला की ब्रेकर पाडायला जीव देते ती ही बॅटरी. ११० व्होल्टची बँक, २ व्होल्टचे ५५ सेल. चार्जर फ्लोटवर, म्हणजे बॅटरी कायम भरलेली ठेवायच्या चार्जिंगवर, असला की एकेका सेलला साधारण सव्वादोन व्होल्ट मिळतात, म्हणजे मीटरवर १२० च्या आसपास दिसायला हवं. आता कुठलीही जुनी लॉगशीट उघड आणि डीसीचा, म्हणजे या बॅटरीच्या व्होल्टेजचा, रकाना बघ. ११०, ११०, ११०. पाटीवर ११० लिहिलंय म्हणून शीटवर ११०. तो माणूस मीटरपर्यंत गेलेलाच नाही. आणि मीटरवर खरंच ११० दिसत असेल तर त्याचा अर्थ काय? चार्जर बंद पडलाय आणि बॅटरी एकटी लोड ओढतेय. म्हणजे हा पठ्ठ्या दर तासाला धोक्याची सूचना स्वतःच्या हातानं लिहितोय आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही.

हे मी घडताना पाहिलंय. ठिकाण सांगत नाही. चार्जरचा फ्यूज संध्याकाळी कधीतरी गेला होता. हूटर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजू नये म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवलेली. पहाटे ३३ केव्हीच्या फिडरवर फॉल्ट आला, फॉल्ट ओळखणाऱ्या रिलेनं बरोबर काम केलं, त्याची खूण म्हणून फ्लॅग पडला, पण ब्रेकर पाडणारी ट्रिप कॉईल ओढायला डीसीत जीवच नव्हता. ब्रेकर जागचा हलला नाही. शेवटी मागच्या सबस्टेशनचा ब्रेकर पडला तेव्हा फॉल्ट तुटला. तोवर आमचा सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) फुटून यार्डभर पोर्सिलेनचे तुकडे झाले होते. माणूस यार्डात नव्हता, हे नशीब. मी सकाळच्या पाळीला चार्ज घ्यायला गेलो तर शीटवर रात्रभर ११०.

चौकशी लागणार हे दिसत होतं. साहेब म्हणाले, हे पान काढून नवं करू. डीसीचे आकडे उतरते दाखवू, मध्ये ‘चार्जर फेल, वरिष्ठांना कळवले’ अशी ओळ टाकू, चार्ज घेणारा म्हणून तू सही कर. मी नाही केली. त्या रात्रीच्या ऑपरेटरवर कारवाई झाली. माणूस वाईट नव्हता. यार्डात पाऊल कसं टाकायचं हे मला त्यानंच शिकवलं होतं. पुढे तो माझ्याशी कधी बोलला नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना गेली, मला नाही. त्याचं मला अजून लागतं. माझी बदली झाली, बरोबरीचे पुढे गेले, हिनं दोन मुलांचं शिक्षण जवळजवळ एकटीनं ओढलं. घरात अजून कधीतरी विषय निघतो, ‘एका सहीनं काय बिघडलं असतं?’ काय बिघडलं असतं ते मी सांगतो. चार्जर नादुरुस्त होता आणि ऑपरेटरनं कळवलं होतं, असं कागदावर आलं असतं, आणि काढून ठेवलेल्या हूटरची वायर कुणीच शोधली नसती. ती जोडली गेली ती त्या पानामुळे. लोक मला हट्टी म्हणाले. म्हणू देत.

असो. तुझ्याकडे येतो.

तू म्हणशील, आता स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, सगळं दिसतं, लॉगशीट कशाला? १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात जवळपास ५ कोटी लोक अंधारात गेले. त्या दुपारी ओहायोतल्या एका कंट्रोल रूमची अलार्म यंत्रणा बंद पडली होती आणि ती बंद पडलीय हेच ऑपरेटरना तासाभराहून जास्त वेळ समजलं नाही. स्क्रीन गप्प, म्हणजे सगळं ठीक! बाहेरून फोन येत होते तरी विश्वास स्क्रीनवर. आणि आपल्या साध्या सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली सिलिका जेल ओलावा शोषून निळ्याची गुलाबी झाली, बुशिंगखाली तेलाचा ओघळ आला, हे कुठला स्काडा सांगतो? त्याला यार्डात जावंच लागतं.

माझ्याकडे होतास तेव्हा पहिले काही दिवस मी तुम्हाला पाना-पक्कड दिली नव्हती म्हणून तुम्ही कुरकुरत होतात, मला माहीत आहे. नुसती रीडिंग घ्यायला लावत होतो. मीटरसमोर सरळ उभं राहायचं, तिरक्या नजरेनं काटा वाचायचा नाही, काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची, अडकलेला काटा सुटतो. ऑईलचं टेंपरेचर आणि वाइंडिंगचं टेंपरेचर लोडवर असताना सारखंच येत असेल तर थांबायचं, विचार करायचा. शेतीच्या फिडरला थ्री फेज सुरू झाली की अँपिअर उडी मारतात. ज्या शीटवर ती उडी नाही ती शीट खुर्चीत बसून भरलेली. हे सगळं तुला येतं. मग विचारतोस काय?

आणि ही सवय फक्त कागदापुरती नाही रे. आयसोलेटरचं, म्हणजे लाईन तोडायच्या स्विचचं, हँडल खाली आलं म्हणजे तिन्ही ब्लेड उघडल्या असं नाही, एखादी अडकते. मान वर करून तिन्ही बघायच्या. लाईनवर काम करायचं परमिट हातात आलं तरी टेस्टर लावायचा, मग लाईन अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड, आधी अर्थचं टोक, नंतर लाईनचं, काढताना उलट. कारण पलीकडे कुणाचा तरी जनरेटर उलटा सप्लाय देत असू शकतो. जो माणूस रात्रीचे तीनचे अँपिअर न बघता लिहितो, तो एक दिवस ‘लाईन बंद आहे’ हेही न बघताच बोलणार, आणि पोलवर दुसराच कुणीतरी असणार. झिरो वायरमन म्हणून, नोकरीवर नसताना, राबणाऱ्या पोरांच्या बातम्या तू वाचतोसच. न बघितलेला आकडा लिहायचा नाही म्हणतो ते यासाठी.

आता यादी. मॉलची नोकरी वाईट नाही, पण तिथेही ११ केव्हीचं पॅनल आहे, डीजी सेट आहे, लॉगबुक आहे, आणि ‘भरून टाक’ म्हणणारा कुणीतरी आहेच. त्या माणसापासून पळायला म्हणून जात असशील तर दुबईतही तो भेटेल. डिप्लोमा कर. आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ही संधी मी घेतली नाही, तेव्हा घरचं कारण पुढे केलं; खरं तर पुन्हा बाकावर बसायची लाज वाटली होती. पण अप्रेंटिसशिपचं वर्ष पूर्ण कर आणि एनएसीची, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची, परीक्षा देऊनच निघ. अर्धवट सोडून माझ्याकडे येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. (उघडीन. तुझ्या काकूला सांगू नकोस.)

ऑपरेटरशी भांडू नकोस. वयानं मोठा आहे, त्याला पाळीवर पाळी लावत असतील. एवढंच म्हण, ‘काका, रात्रीचं तुम्हीच बघा, आठपासूनचं मी दर तासाला जाऊन घेतो.’ दोन-चार दिवस टोमणे मारील. टोमण्यांनी ट्रिप होत नाही कुणी.

तुझ्या सबस्टेशनात बॅटरी किती व्होल्टची, सेल किती आणि फ्लोटला मीटर किती दाखवतो, हे रविवारपर्यंत कळव. पाटीवरून नको. पायलट सेलची, म्हणजे नमुन्याला निवडलेल्या सेलची, ॲसिडची ग्रॅव्हिटीही घे. हायड्रोमीटर फुटलेला असेल तर तसं लिहून कळव, माझ्याकडे एक जास्तीचा आहे.

तुझा,
सर