डीएनए बिघडतो तो खलातच: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख बफरमध्ये (वाटलेलं पान ज्यात घालतात त्या द्रावणात) आणखी काय घालावं, कोणतं किट घ्यावं, याकडे आहे. माझं उत्तर मात्र प्रत्येक वेळी एक पाऊल मागे जातं. पान कोणतं तोडलं, ते कसं ठेवलं आणि कसं वाटलं? डीएनएचं बरंवाईट तिथेच ठरतं. पुढची रसायनं थोडंफार सावरून घेतात, सगळं नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात एम.एस्सी. करते. आंब्याच्या पानातून सीटॅब (पेशीची आवरणं विरघळवणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने डीएनए काढते. वाटतानाच लगदा तपकिरी होतो, शेवटी पेलेटही (ट्यूबच्या तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) तपकिरी येतो. जेलवर डीएनएचा बँड (पट्टा) दिसतो, पण पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) लागत नाही. कुठे चुकतंय?

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तीच प्रक्रिया तुमच्या खलात चालू आहे. पानातली फिनॉल वर्गातली द्रव्यं पेशीच्या रिक्तिकेत बंद असतात. पेशी फुटली की ती बाहेर येतात, हवेतला ऑक्सिजन आणि पानातलंच एक विकर मिळून त्यांची क्विनोनं बनवतात, आणि ही क्विनोनं डीएनएला कायमची चिकटतात. तो तपकिरी रंग धुऊन जात नाही. जेलवर बँड दिसतो कारण डीएनए आहेच. पण सोबत आलेली ही द्रव्यं पॉलिमरेझला, म्हणजे पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या विकराला, काम करू देत नाहीत. खात्री करायची तर नमुना १० पट पातळ करून पीसीआर लावून बघा. पातळ केल्यावर बँड आला तर दोष प्रायमरचा (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचा) नाही, अशुद्धीचा आहे.

आता खलाकडे या. खल-बत्ता, चमचा आणि ट्यूब तिन्ही आधी थंड करा. खलात लिक्विड नायट्रोजन ओतल्यावर जोरात उकळी फुटते. ती शांत झाली की खल पुरेसा थंड झाला. मग पान टाका, ते कडक होऊ द्या. आधी हलक्या हाताने तुकडे करा, नाहीतर ते उडून बाहेर पडतात. मग गोल फिरवत वाटा. पूड रव्यासारखी राहिली तर थांबू नका, मैद्यासारखी व्हायला हवी. वाटता वाटता हिरवा रंग फिका होत जातो. पूड पुन्हा गडद दिसू लागली, खलाच्या कडेला चिकटू लागली, की समजा ती वितळते आहे. तिथवर जाऊच द्यायचं नाही; त्याआधी पुन्हा नायट्रोजन ओतायचा. पूड उचलणारा चमचा गरम असेल तर पूड त्याला चिकटते आणि तिथेच वितळते, ही साधी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गोठलेल्या पुडीवर थेट ६५ अंश सेल्सिअसचा बफर घाला आणि ट्यूब लगेच उलटसुलट करा, गुठळ्या राहू देऊ नका. पूड आधी ‘जरा वितळू दे’ म्हणून ठेवाल तर विकरांना हवं तेच मिळेल. जेफ आणि जेन डॉयल यांनी १९८७ साली मांडलेली कृती आजही बहुतेक प्रयोगशाळांत चालते: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८. त्यात फिनॉलची क्विनोनं होऊ न देणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के असतं; आंब्यासाठी मी १ ते २ टक्के घ्यायला सांगेन. ते ऐनवेळी, फ्यूम हूडमध्येच मिसळा. आठवड्यापूर्वी मिसळून ठेवलेल्याचा जोर उरत नाही. शिवाय २ टक्के पीव्हीपी घाला, कारण ते फिनॉलना धरून ठेवतं.

पान कोणतं? जून, गडद हिरवं पान नको. तांबूसपणा नुकताच ओसरू लागलेली, पण अजून लुसलुशीत अशी पालवी घ्या. आणि १०० मिलिग्रॅमला निदान ७०० मायक्रोलिटर बफर असू द्या. जास्त पान घेतलं की जास्त डीएनए मिळेल, हा हव्यास आंब्याच्या बाबतीत हमखास नडतो.

एवढं करूनही रंग आला तर पुढच्या नमुन्याला सीटॅबच्या आधी सॉर्बिटॉलची धुलाई करा. ०.३५ मोलर सॉर्बिटॉलच्या बफरमध्ये थोडं पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल घालून पूड त्यात हलवायची, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी फेकायचं. सॉर्बिटॉलमुळे केंद्रकं फुटत नाहीत, खाली बसतात. फिनॉल आणि चिकट द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. वरचं पाणी निवळ येईपर्यंत हे करा आणि मगच सीटॅब घाला. माझ्या मते आंबा, काजू, जांभूळ यांच्यासाठी यापेक्षा उपयोगी आणि स्वस्त उपाय नाही.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे लिक्विड नायट्रोजन येत नाही. त्याच्याशिवाय पान वाटताच येणार नाही का?

येईल. पान नीट वाळवलेलं असलं तर नायट्रोजनची गरजच पडत नाही. चेस आणि हिल्स यांनी १९९१ साली सिलिका जेलची पद्धत मांडली आणि जंगलात फिरणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञांचं काम तेव्हापासून सोपं झालं. पानाचे लहान तुकडे करा, वजनाच्या निदान १० पट सिलिका जेलमध्ये ठेवा. एका दिवसाच्या आत पान हातात चुरडलं जाईल इतकं वाळायला हवं. वेग महत्त्वाचा आहे. सावलीत चार दिवस टाकलेलं पान वाळतंच, पण मरता मरता त्याची विकरं डीएनए कापत राहतात. वाळलेलं पान साध्या खलात, धुऊन निर्जंतुक केलेल्या चिमूटभर वाळूबरोबर छान वाटलं जातं. वाळलेलं २० मिलिग्रॅम पुरतं.

विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला मूग, ज्वारी, गहू यांची आठ-दहा दिवसांची रोपं घ्या. ती इतकी कोवळी असतात की गरम सीटॅब बफरमध्ये थेट वाटली तरी पीसीआरपुरता डीएनए मिळतो. एक मात्र करू नका: पान घरगुती फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि वाटण्याआधी बाहेर काढून ठेवायचं. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फुटलेल्या असतात. पान वितळलं की आतल्या आत सगळं मिसळतं.

नायट्रोजन हवाच असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा नायट्रोजनच्या कंटेनरमध्येच ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे पुरवठ्याची सोय असते. कुठून भरून मिळेल हे तरी कळेल. आणताना घट्ट झाकणाचा थर्मास कधीही वापरू नका. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद भांडं फुटतं आणि बंद गाडीत, बंद खोलीत श्वास घ्यायला ऑक्सिजन उरत नाही. ट्यूबमध्ये पुडीबरोबर थोडा द्रव गेला असेल तर तो उडून जाईपर्यंत झाकण लावू नका. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा आणि हातात सैल, जाड हातमोजे असलेच पाहिजेत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत यात कुठलीही सवलत नको.

प्रश्न : फार वेळ वाटलं तर डीएनए तुटतो का?

गोठलेला असताना वाटण्याने तुटतो त्यापेक्षा किती तरी जास्त तो वितळल्यावर विकरांमुळे तुटतो. त्यामुळे वाटताना हात आखडू नका. जपायचं ते बफर घातल्यानंतर. तेव्हा व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र), पिपेटच्या अरुंद टिपने जोरात वरखाली करणं, वारंवार गोठवणं-वितळवणं यांनी लांब धागे तुटतात. पीसीआरला काही शे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा पुरतो, तिथे चिंता नाही. नॅनोपोअरसारख्या लांब वाचनाच्या सिक्वेन्सिंगला पाठवायचं असेल तर टिपचं टोक कापून वापरा आणि ट्यूब फक्त हळू उलटसुलट करा.

प्रश्न : भेंडीच्या पानातून काढलेला डीएनए जेलीसारखा येतो. पाण्यात विरघळत नाही, जेलच्या वेलमध्ये (नमुना भरायच्या खाचेत) सोडला की वर तरंगतो.

तो गोळा बहुतांशी डीएनए नाहीच. भेंडी, जास्वंद, कोरफड यांत चिकट पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) भरपूर असतात आणि अल्कोहोल घातलं की डीएनएबरोबर तीही खाली बसतात. इथे मीठ कामी येतं. मिठाचं प्रमाण चढं असेल तर अल्कोहोलमध्ये डीएनए बाहेर पडतो, पण पॉलिसॅकराइड बऱ्याच अंशी विरघळलेलीच राहतात. क्लोरोफॉर्मने प्रथिनं वेगळी काढून वरचा थर बाजूला घेतलात की त्यात त्याच्या निम्म्या आकारमानाचं ५ मोलर मिठाचं द्रावण मिसळा आणि मग दुप्पट आकारमानाचं थंड इथेनॉल घाला. हे मिश्रण रात्रभर उणे २० अंशांत ठेवायची सवय इथे सोडा, कारण जितका वेळ ठेवाल तितका चिकटा खाली येईल. तंतू दिसले तर सेंट्रिफ्यूजही करू नका, काचेच्या कांडीने किंवा टिपने ते उचलून ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका.

रोप कुंडीत असेल तर तोडण्याआधी एक-दोन दिवस अंधारात ठेवा, पानातला स्टार्च कमी होतो. वर सांगितलेली सॉर्बिटॉलची धुलाई भेंडीलाही लागू पडते.

प्रश्न : नॅनोड्रॉपवर (थेंबभर नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर, म्हणजे २६०/२८०, १.८५ आणि प्रमाण भरपूर दिसतं, पण २६०/२३० फक्त ०.७. जेलवर बँड अगदी पुसट. कोणावर विश्वास ठेवू?

जेलवर. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला जे जे प्रकाश शोषतं ते सगळं मोजतो. त्यात आरएनएही येतो आणि पानांच्या अर्कात आरएनए फार असतो. आरएनेझ-ए (आरएनए तोडणारं विकर) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, पुन्हा अवक्षेपित करा आणि मग मोजा. आकडा कितीतरी खाली येईल. क्युबिट (चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने डीएनए मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच, त्यातला रंग दुपेडी डीएनएलाच धरतो.

१.८५ हा आकडा प्रथिनं फारशी नाहीत एवढंच सांगतो. २३० ला पॉलिसॅकराइड, फिनॉल, ईडीटीए आणि किटमधली ग्वानिडिनची क्षारं शोषण दाखवतात. चांगल्या नमुन्यात हे गुणोत्तर २ च्या आसपास असतं. ७० टक्के इथेनॉलने आणखी एकदा धुवा आणि ब्लँक (तुलनेसाठीचं, डीएनए नसलेलं माप) त्याच टीई बफरचा घ्या ज्यात डीएनए विरघळवला आहे. सीटॅब घातलेल्या ट्यूब बर्फावर ठेवत असाल तर तेही थांबवा. साधारण १५ अंशांच्या खाली सीटॅब स्वतःच गोठून खाली बसतं. क्लोरोफॉर्मची पायरी खोलीच्या तापमानालाच करायची.

प्रश्न : मी वाई तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. स्ट्रॉबेरीचा डीएनए काढून दाखवते. मुलं विचारतात, ‘बाई, हे धागे म्हणजे डीएनएच ना?’ काय सांगू?

खरं ते सांगा: यात डीएनए आहे, पण फक्त डीएनए नाही. त्या पांढुरक्या तंतूंमध्ये फळातलं पेक्टिन आणि प्रथिनंही अडकलेली असतात. डीएनएचा एक धागा २ नॅनोमीटर रुंद, तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. दिसतो तो असंख्य धाग्यांचा गुंता. मुलांना हे समजतं आणि आवडतंही.

तुमच्या भागात हे फळ हाताशी आहे, हे भाग्यच. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे ८ संच, म्हणजे एकूण ५६ गुणसूत्रं असतात. शिवाय पिकलेलं फळ मऊ, पिशवीत घालून हातानेच कुस्करता येतं. पाण्यात चमचाभर मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून ते फळात मिसळा, पण फेस होऊ देऊ नका. साबण पेशीची आणि केंद्रकाची आवरणं विरघळवतो. फडक्याने गाळा, आणि फ्रीजमध्ये गार केलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल ग्लासच्या कडेने हळूच सोडा. दोन थरांच्या सीमेवर तंतू वर येऊ लागतात. तेव्हा ग्लास हलवू नका, सगळ्यांना जवळून पाहू द्या. वर्गात त्या वेळी ज्योत पेटलेली नको.

फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ साली जर्मनीत ट्युबिंगेन इथे हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं, ते जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून. आठवी-नववीच्या मुलांना ही हकिकत जरूर सांगा.

प्रश्न : देवगडजवळ माझी बाग आहे. हापूस म्हणून घेतलेल्या काही कलमांबद्दल शंका आहे. फळ धरायची वाट न बघता पानावरून जात कळेल का? नमुना कसा पाठवू?

कळेल. पानातला डीएनए आणि त्याच झाडाच्या फळाच्या गरातला डीएनए एकच असतो. खात्रीच्या हापूस झाडाचा नमुना सोबत लागतो, दोन्हींच्या डीएनए खुणा ताडून बघतात. पान मात्र कलमाच्या जोडाच्या वरून तोडा. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे रायवळ आंब्याची. तिचं पान पाठवलंत तर चांगलं कलमही खोटं ठरेल. कोय पाठवू नका. कोयीच्या आतल्या गर्भात परागकण देणाऱ्या झाडाचाही निम्मा वाटा असतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या तपासणीतून जात कळते, गाव कळत नाही. देवगडचा हापूस आणि तेच कलम दुसऱ्या राज्यात लावलेलं, दोघांचा डीएनए सारखाच निघेल.

प्रत्येक झाडाची तीन-चार कोवळी, निरोगी पानं सकाळी तोडा. तुडतुडे किंवा करपा असलेली नकोत, बुरशीचा डीएनएही सोबत येतो. ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, कागदी पाकिटात घाला आणि पाकीट सिलिका जेल असलेल्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसती पानं घालून कुरियर केलीत तर कोकणातल्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशी काळी पडतात. पाकिटावर झाडाचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. आणि तोच क्रमांक झाडालाही त्याच वेळी बांधा.