काठावर कोण थांबलंय?

वाचकांचे प्रश्न : होडी, रेडिओ आणि समुद्र

दिवाळी झाली की कुंभार्ली आणि आंबा घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांच्या टपावर हल्ली कयाक बांधलेल्या दिसतात. कृष्णेत पोहायला शिकलेली, कोयनेच्या जलाशयात वल्ही मारून हात बसलेली आपल्याकडची पोरं आता गुहागर-मालवणला पाण्यात उतरतात, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी उभी नोकरी नौदलाच्या दूरसंचार शाखेत झाली. आता साताऱ्यात असतो. म्हणून संपादकांनी या वेळची पत्रं माझ्याकडे दिली.

प्रश्न : आम्ही पाच मित्रांनी मिळून फायबरची छोटी बोट घेतली आहे, ती मालवणला असते. ऑनलाइन वॉकीटॉकीची जोडी मागवली. खोक्यावर ‘8 किलोमीटर रेंज’ असं छापलंय. एक सेट बोटीवर आणि एक किनाऱ्यावर ठेवला तर भागेल का? (मिरज)

उत्तर : नाही भागणार. दोन सेट एकमेकांशी बोलतीलही, पण तुमचं बोलणं तिसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, आणि समुद्रावर गरज असते ती तिसऱ्याचीच. बिनपरवाना वापरता येणारे हे छोटे सेट 446 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. जहाजं, मासेमारीच्या बोटी, तटरक्षक दल ऐकतं ते सागरी व्हीएचएफ, म्हणजे 156 मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा. त्यातलं चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हे हाक मारण्याचं आणि संकटाचं चॅनल. तुम्ही बुडत असताना अर्ध्या मैलावरून ट्रॉलर चालला असेल, तरी त्या जोडीतला आवाज त्याच्या तांडेलापर्यंत पोचणार नाही. सेट घेण्याआधी त्यावरची फ्रीक्वेन्सीही नीट पाहा. ऑनलाइन मिळतं ते सगळं कायदेशीर असतंच असं नाही.

रेंजचं गणित साधं आहे. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत जातं, त्यामुळे वॉटपेक्षा अँटेनाची उंची जास्त मोलाची. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला चारनं गुणा, साधारण तितके किलोमीटर. बसलेल्या माणसाच्या हातातला सेट पाण्यापासून मीटरभर उंच असतो, म्हणजे 4 किलोमीटर. समोरचाही तसाच बसलेला असेल तर दोघांचे मिळून 8, तेही कागदावर. लाटा उसळल्या की त्याहून कमी. पण समोरचा अँटेना 100 मीटर उंच कड्यावर असेल तर त्याचे एकट्याचे 40 होतात. खोक्यावरचा 8 चा आकडा कुठल्या उंचीवरचा ते खोकं सांगत नाही.

तेव्हा सागरी व्हीएचएफचाच सेट घ्या. त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावं लागतं. पाचांपैकी एकानं तरी ते रीतसर करून घ्या. आणि सेट पाण्यात पडला तरी चालणारा असावा, दोरीनं लाइफ जॅकेटला बांधलेला असावा. बॅगेत ठेवलेला सेट बोट उलटल्यावर बॅगेबरोबर जातो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच बोटीवर रेडिओ वापरणार आहे. रेडिओ चेक कसा करायचा? नेमकं काय बोलायचं? इंग्रजी अडखळतं, त्याची भीती वाटते. (सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : किनारा सोडण्याआधी चेक करायचा, किनारा सोडल्यावर नव्हे. आधी स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबणारं बटण पूर्ण उघडा, सेटमधून खरखर येईल. मग हळूहळू फिरवत जा आणि खरखर जिथे थांबते तिथेच सोडून द्या. पुष्कळ जण शांतता हवी म्हणून ते आणखी पुढं पिळतात. मग लांबून येणारी बारीक हाकही त्या शांततेत गडप होते.

चॅनल 16 वर येता-जाता चेक करत बसू नका, आणि तटरक्षक दलाला तर त्यासाठी मुळीच हाक मारू नका. सोबतच्या बोटीशी किंवा किनाऱ्यावरच्या माणसाशी कामाचं चॅनल आधीच ठरवून घ्या. समजा ते 72 आहे आणि तुमच्या बोटी ‘उरमोडी’ आणि ‘वेण्णा’. बटण दाबा, एक श्वास थांबा, कारण लगेच बोललं की पहिला शब्द कापला जातो. मग माइक ओठांपासून दोन-तीन बोटं लांब धरून, न ओरडता:

“वेण्णा, वेण्णा, धिस इज उरमोडी. रेडिओ चेक, ओव्हर.”

“उरमोडी, धिस इज वेण्णा. लाउड अँड क्लिअर, ओव्हर.”

“वेण्णा, धिस इज उरमोडी. थँक यू, आउट.”

‘ओव्हर’ म्हणजे मी थांबले, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. दोन्ही एकत्र कधीच येत नाहीत, सिनेमात कितीही येवोत. बोलून झालं की बटणावरून अंगठा सुटल्याची खात्री करा. सेट गादीखाली दबला आणि बटण तसंच दाबलेलं राहिलं, तर त्या भागातलं ते चॅनल सगळ्यांसाठी बंद पडतं, आणि ज्याच्यामुळे पडलं त्याला पत्ताच नसतो.

आमच्या वेळी जहाजावरच्या रेडिओच्या खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर लाल आणि हिरव्या पाचरी रंगवलेल्या असत. तासाला आणि अर्ध्या तासाला तीन-तीन मिनिटांच्या हिरव्या, सव्वा आणि पाऊण तासाला लाल. काटा पाचरीत शिरला की संकटाच्या फ्रीक्वेन्सीवर सगळ्यांनी गप्प राहून फक्त ऐकायचं. लाल पाचर मोर्ससाठी, हिरवी आवाजासाठी. 1 फेब्रुवारी 1999 पासून समुद्रावरच्या संकटसंदेशांची नवी जागतिक यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि ती घड्याळं गेली, पण बोलण्याआधी ऐकायचं ही सवय मला आजही सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बटण दाबण्याआधी क्षणभर कान द्या. कोणी संकटात बोलत असेल तर आपला चेक थांबला पाहिजे.

आता भाषेची भीती. जीव धोक्यात असेल तेव्हा ‘मेडे’ हा शब्द तीनदा म्हणायचा. तो जगात कुठेही कळतो. पुढचं तुम्हाला जे नीट बोलता येतं त्यात बोला. कोकणच्या पाण्यात जवळची मदत बहुतेक वेळा मच्छीमाराची असते आणि त्याला मराठी कळतं. क्रम मात्र चुकू देऊ नका:

“मेडे, मेडे, मेडे. धिस इज उरमोडी, उरमोडी, उरमोडी. मेडे उरमोडी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला दोन सागरी मैल. बोटीत पाणी शिरतंय. ताबडतोब मदत हवी. बोटीवर चार माणसं, चौघांच्या अंगात लाइफ जॅकेट. बोट पांढरी, निळा पट्टा. ओव्हर.”

नावानंतर लगेच ठिकाण येतं, कारण पुढचं काही ऐकू गेलं नाही तरी शोध सुरू करता येतो. हे कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सेटजवळ लावा आणि घरी मोठ्यानं म्हणून पाहा. इंजिन बंद पडलंय पण जिवाला लगेच धोका नाही, अशा वेळी मेडे नाही, ‘पॅन-पॅन’ तीनदा.

ठिकाणाबद्दल एक सांगायलाच हवं. मोबाइलचा नकाशा अंश दशांशात दाखवतो, समुद्रावर अंश आणि मिनिटं बोलतात. नकाशावर 16.06 दिसलं तर ते 16 अंश 3.6 मिनिटं. ते ‘16 अंश 6 मिनिटं’ असं वाचलंत तर तुम्हाला शोधणारी बोट जवळजवळ साडेचार किलोमीटर उत्तरेला जाईल. मोबाइलची सेटिंग घरीच बदलून घ्या.

प्रश्न : माझे पती आणि दोन मुलं सुट्टीत गुहागरला कयाक घेऊन जातात. मी पाण्यात उतरत नाही, किनाऱ्यावर बसून असते. ते दिसेनासे झाले की जीव टांगणीला लागतो. मी काय करू शकते? (कराड)

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते तुमचं. पाण्यावरच्या माणसाचा रेडिओ काठावर कोणी ऐकणारं असेल तरच उपयोगाचा. ते काम तुमच्याकडे आहे, आणि ते बसून काळजी करण्याचं काम नाही.

ते पाण्यात उतरण्याआधी तुमच्या वहीत लिहून घ्या: कयाक कुठल्या रंगाच्या, जॅकेट कुठल्या रंगाची, कोण किती पोहतं, कुठून निघाले, कुठवर जाणार, किती वाजता परत. मग दोन वेळा ठरवा. पहिली हाकेची, समजा दर अर्ध्या तासानं. “आम्ही तिघं, दीपगृहासमोर, सगळं ठीक,” एवढंच बोलणं. त्यात माणसांचा आकडा दर वेळी आलाच पाहिजे. दुसरी वेळ फोनची. परत यायची वेळ दहाची असेल तर साडेदहापर्यंत रेडिओवर आणि मोबाइलवर हाका मारा, आणि साडेदहाला 1554 लावा. हा तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक आहे. सागरी पोलिसांचा 1093, आणि 112 आहेच. वहीत लिहिलेलं वाचून दाखवा.

ही फोनची वेळ नवऱ्याच्या आणि मुलांच्या तोंडून ठरवून घ्या, पाण्यात जाण्याआधी. कारण साडेदहा वाजले की मन म्हणतं, येतीलच एवढ्यात, उगाच बोभाटा कशाला, लोक काय म्हणतील. त्या घालमेलीत तासभर जातो आणि तेवढ्यात वारा माणसाला कुठल्या कुठे नेतो. वेळ आधी ठरलेली असली की तुम्हाला ठरवायचं काही उरत नाही. पंधरा मिनिटांनी तिघं हसत आले तर पुन्हा फोन करून शोध थांबवायला सांगा. तुम्हाला कोणी रागावणार नाही. ते कळवायचं राहून गेलं तर मात्र बचावाची बोट विनाकारण फिरत राहते.

त्यांच्याकडूनही दोन गोष्टी कबूल करून घ्या. बेत बदलला, म्हणजे पुढच्या किनाऱ्यावर शहाळं प्यायला थांबायचं ठरलं, तरी आधी हाक. आणि सेट बंद पडला तर आहेत तिथून परत. ‘आता सेट नाही, पण थोडंच राहिलंय’ हे चालणार नाही.

सकाळच्या वाऱ्याचंही समजून घ्या. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई म्हणतात तो. काठाजवळचं पाणी त्यामुळे तलावासारखं सपाट दिसतं आणि सगळे खूश होतात. पण तोच वारा कयाकला किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्राकडे ढकलत असतो. जाताना हलकं वाटतं, परतताना दम निघतो. दुपारी वारा फिरून समुद्राकडून येऊ लागतो, तेव्हा लाटा वाढतात. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. सूर्यास्ताच्या तीन तास आधी सगळे वाळूवर हवेत, म्हणजे वेळ आलीच तर शोधायला उजेड उरतो. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. नारिंगी जॅकेट असेल तर नजर त्यावर ठरते, काळं-निळं असेल तर त्यावरून निसटते.

शोध लागेपर्यंत भाड्याची होडी काढून स्वतः जाऊ नका. फोन हातात धरून तिथेच थांबा. तुम्ही हललात तर माहिती देणारं कोणी उरत नाही.

प्रश्न : वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल असताना रेडिओ कशाला? आणि भरतीची वेळ कशी काढायची? (वाई)

उत्तर : मोबाइल न्याच, पण तो एकाच माणसाला लागतो. चॅनल 16 वरची हाक आसपासचे सगळे ऐकतात. ओल्या बोटांनी पिशवीतून नंबर लावून पाहा, घरच्या बादलीत हात बुडवून, म्हणजे लक्षात येईल.

भरतीसाठी कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, आणि तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, दक्षिणेकडे मालवणला भरती जरा आधी येते. जायच्या दिवशी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघाच. खाडीच्या तोंडातून जोराची ओहोटी बाहेर पडत असताना आत शिरू नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे एकमेकांवर आदळतात. आणि जून ते ऑगस्ट समुद्र आपला नाही. मच्छीमारांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, ती पाळणारे लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रावर आहेत.

प्रश्न : आमच्या गावात पुरासाठी बोट आली आहे. तिच्यावर कुठला रेडिओ ठेवावा? (पलूस तालुका)

उत्तर : सागरी व्हीएचएफ नको, इथे चॅनल 16 ऐकणारं कोणी नाही. बोट ते शाळेची गच्ची एवढ्या अंतरासाठी 446 चे बिनपरवाना सेट पुरतात. मिरजेच्या मित्रांना मी नको म्हटलं तेच तुम्हाला घ्या म्हणतोय, कारण तुम्हाला ऐकणारा माणूस गच्चीवर उभा आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून प्रत्येक फेरीला दोन हाका लावून घ्या. “निघालो, आठ.” “पोचलो, आठ.” गच्चीवरच्यानं दोन्ही आकडे वहीत लिहायचे. बोटीची क्षमता बोटीच्या कडेला मोठ्या अक्षरांत रंगवा आणि निघतानाचा आकडा तिच्यापेक्षा जास्त आला तर गच्चीवरच्याला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार द्या, मग बोटीत सरपंच का बसलेले असेनात. पाण्याखालच्या तारा, कुंपणं, झाडांचे शेंडे ज्याला माहीत आहेत असा गावातलाच एक जण पुढं बसवा.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. तिथपर्यंत वाट पाहू नका. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी सेट चार्जिंगला लावा आणि चेक करा, कारण पाणी चढलं की पहिली वीज जाते. सेट ग्रामपंचायतीच्या कपाटात एकाच किल्लीत ठेवू नका. दोन किल्ल्या करा, एक बोट चालवणाऱ्याच्या घरी.