पदकतालिकेतील देशाचा क्रमांक प्रस्तावात कसा लिहावा

तुमच्या कर्णबधिर विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या प्रस्तावावर ‘दिव्यांग क्रीडा प्रकारात देशाचे जागतिक स्थान नमूद करावे’ अशी त्रुटी काढली गेली आहे आणि शोधल्यावर एकीकडे भारताचा क्रमांक १८, तर दुसरीकडे ९ दिसल्याने तुम्ही गोंधळला आहात. याच त्रुटीमुळे माझ्या भाचीचा प्रस्ताव अडकला होता, म्हणून सविस्तर लिहितो. प्रमाणपत्रे, साक्षांकन वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

हे दोन्ही क्रमांक बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या स्पर्धांचे आहेत. अठरावा क्रमांक २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधला आहे. तिथे भारताला ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी २९ पदके मिळाली. नववा क्रमांक मे २०२२ मध्ये ब्राझीलमधील काशियास दो सुल येथे झालेल्या डेफलिम्पिक्समधला, म्हणजे कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेतला आहे. तिथे ८ सुवर्ण, १ रौप्य आणि ७ कांस्य अशी १६ पदके मिळाली होती. केवळ श्रवणदोष असलेल्या खेळाडूंसाठी पॅरालिम्पिकमध्ये गटच नाही. त्यांच्या स्पर्धा १९२४ पासून, म्हणजे पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधीपासून, स्वतंत्रपणे होत आल्या आहेत आणि त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ मध्ये पॅरालिम्पिक समितीतून बाहेर पडली. तिसरी स्पर्धा स्पेशल ऑलिम्पिक्सची. ती बौद्धिक दिव्यांगांसाठी असते आणि तिथे खेळाडूंना सारख्या क्षमतेच्या छोट्या गटांत विभागून प्रत्येक गटात पदके देतात. देशांची क्रमवारी लावणे त्या चळवळीच्या तत्त्वातच बसत नाही. त्यामुळे ‘दिव्यांग क्रीडा प्रकारातील देशाचे स्थान’ असा एकच आकडा अस्तित्वात नाही आणि तो कुणी मागितला तरी देता येणार नाही.

आमचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) भाचीचे कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पदक पॅरालिम्पिकच्या तालिकेत शोधले, ते तिथे सापडले नाही, आणि ‘पदकाची नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवला. स्पर्धा वेगळी असल्याचा खुलासा आम्ही जोडला, तेव्हा पॅरालिम्पिकशी समकक्षता सिद्ध करणारे पत्र मागण्यात आले, आणि असे पत्र कोण देते हे मात्र त्या कार्यालयातील कुणीही सांगितले नाही. या फेऱ्यांत योजनेची मुदत संपली. कानाला श्रवणयंत्र न लावता मैदानात उतरणाऱ्या मुलीने मिळवलेले पदक, ती जिथे खेळूच शकत नाही अशा स्पर्धेच्या यादीत शोधणे आणि न सापडल्याचा दोष तिच्या माथी मारणे, हा अन्याय आहे असे मला आजही वाटते.

आता क्रमवारीबद्दल. प्रचलित पद्धतीत आधी सुवर्णपदके मोजतात. ती सारखी असतील तर रौप्य, तीही सारखी असतील तर कांस्य. पॅरिसमध्ये कॅनडालाही २९च पदके मिळाली, पण त्यांत १० सुवर्ण असल्याने तो बारावा आला. स्वित्झर्लंडची एकूण पदके २१, तरीही ८ सुवर्णांमुळे तो भारताच्या वर आहे. स्पेनची आणि आपली सुवर्णपदके सारखीच, मात्र त्यांची रौप्यपदके ११ असल्यामुळे ते सतरावे आणि आपण अठरावे. या हिशेबाने १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात मिळवलेले एकमेव सुवर्ण हे १९८४ च्या पॅरालिम्पिकमधील भारताच्या दोन रौप्य आणि दोन कांस्य पदकांहून जड ठरते. मला स्वतःला एकूण पदकांचा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण खेळ किती जणांपर्यंत पोहोचला हे त्यातून कळते. तरीही सरकारी कागदावर प्रचलित पद्धतच पाळावी आणि शेजारी तिन्ही पदकांचे वेगवेगळे रकाने द्यावेत.

तालिका कोणत्या तारखेची आहे हेही लिहा. पॅरिसच्या आधीच्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये थाळीफेकीच्या एफ ५२ गटातील (दिव्यांगत्वाचा प्रकार आणि तीव्रता पाहून खेळाडूंचे असे गट पाडतात) भारताचे कांस्य, खेळाडू त्या गटात बसत नाही असा निर्णय झाल्याने रद्द झाले आणि भारताची पदके १९ वर थांबली. याउलट पॅरिसमध्ये नवदीप सिंगचे भालाफेकीतले रौप्य, इराणचा खेळाडू अपात्र ठरल्यावर सुवर्ण झाले. ते तसे झाले नसते तर भारत कोलंबियाच्याही खाली गेला असता. याच स्पर्धेत सुमित अंतिलचेही भालाफेकीतच सुवर्ण आहे, पण तो एफ ६४ गट आणि नवदीपचा एफ ४१. एकाच खेळातली दोन सुवर्णे पाहून पडताळणी करणाऱ्याला दुबार नोंदीची शंका येऊ शकते, तेव्हा गट न विसरता लिहा. पॅरिसमध्ये एकूण ५४९ पदक-प्रकार होते आणि त्यांपैकी १६४ एकट्या ॲथलेटिक्सचे, ते या गटांमुळेच.

तुमच्या प्रस्तावात मी देशाचा क्रमांक दुय्यम ठेवला असता. स्पर्धेचे पूर्ण नाव, ती घेणारी आंतरराष्ट्रीय संघटना, खेळाचा प्रकार, विद्यार्थिनीचे स्थान आणि त्या प्रकारात किती देशांचे किती खेळाडू उतरले, हे अधिकृत निकालपत्रासह आधी द्या. देशाच्या क्रमांकाने एका मुलीच्या पदकाचे वजन ठरत नाही, आणि एखाद्या योजनेत तसे ठरवले जात असेल तर तो निकषच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कायद्याचा जाणकार नाही आणि योजनांचे निकष बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय स्वतः वाचून त्यात डेफलिम्पिक्सचा उल्लेख कुठल्या परिच्छेदात आहे ते पाहा आणि त्या परिच्छेदाचा क्रमांक अर्जात लिहा.

आणखी एक. त्रुटी तोंडी सांगितली तर स्वीकारू नका. ती लेखी मागा, आणि खुलासा देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. आमच्याकडे पहिल्या खुलाशाची अशी प्रत नव्हती, कारण शिक्का द्यायला तेव्हा नकार मिळाला होता, आणि पुढे अपील करताना तो खुलासा मुदतीत दिला होता हे दाखवायला हाती काहीच उरले नाही. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी तोच कागद पोस्टाने रजिस्टर करून पाठवा.