आईची कानाची तपासणी नॉर्मल आहे, तरी गर्दीत बोललेलं कळत नाही आणि नंतर आठवतही नाही. ही विसरभोळेपणाची सुरुवात आहे का?

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे कमी नाहीत, आणि बहुतेकांना घेऊन येतात ती तुमच्यासारखीच घाबरलेली मुलं. तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांच्या आहेत, ऑडिओग्राम चांगला आलाय, घरात दोघांच्या गप्पांत काही अडत नाही. पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलात त्यांना बोलणं समजत नाही, आणि घरी आल्यावर कोण काय म्हणालं तेही सांगता येत नाही. तुमची झोप उडवलीय ती या शेवटच्या गोष्टीने. माझं मत असं, की तिचा संबंध विसरण्यापेक्षा ऐकण्याशीच जास्त असावा.

ऑडिओग्राम काढताना बंद केबिनमध्ये हेडफोनवर एकेक सूर वाजतो आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. किती हळू आवाज कानाला कळतो, एवढंच त्यातून समजतं. तिथे वाक्य नसतं, मागे दुसरं कुणी बोलत नसतं आणि लक्षात काहीच ठेवायचं नसतं. हॉलमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात.

गोंगाटात शब्द सबंध पोचत नाही. स्वर ठळक असतात, ते तगतात; स, त, थ, फ अशी बारीक व्यंजनं आधी बुडतात. समोरचा 'सात' म्हणाला, 'आठ' म्हणाला की 'साठ', हे मग मागचापुढचा संदर्भ ठरवतो. तोवर तो अर्धवट तुकडा डोक्यात धरून ठेवायचा, पुढचं ऐकत राहायचं आणि अंदाज आला की मागे जाऊन भोक बुजवायचं. हे धरून ठेवणं वर्किंग मेमरीचं काम. ती तरुणपणीही तोकडीच असते, वयाबरोबर आणखी आखडते. त्यात आपल्याकडे क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेपटाला. 'उद्या स्टेशनवर घ्यायला काका येणार' इथवर सगळं ऐकलं आणि नेमका तेव्हाच ताशा कडाडला, तर 'नाहीत' कानावर पडतच नाही.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातले येर्कर रोनबर्ग यांनी यावर बरंच काम केलंय. कानावर आलेला आवाज डोक्यात साठलेल्या शब्दाशी चटकन जुळला, तर समजणं आपोआप होतं. जुळला नाही, तर मेंदूला मुद्दाम कामाला लागावं लागतं आणि तिथे वर्किंग मेमरी खर्ची पडते. केबिनमध्ये माणसांच्या बडबडीचं रेकॉर्डिंग लावून मी वाक्यं ऐकवते, तेव्हा हे समोर दिसतं. शांततेत वाक्य संपतं न संपतं तोच उत्तर येतं. बडबड वाढवली की उत्तर बरोबरच येतं, पण मधे दोन-तीन सेकंद जातात. नजर वर लागते, ओठ पुटपुटतात. कागदावर पूर्ण गुण. हॉलमध्ये मात्र तेवढ्या वेळात बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

आता आठवण्याचं. पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी पेशंटच्या मुलांना नेहमी सांगते. लोकांना आकड्यांची यादी ऐकवली. पहिला अर्धा भाग अगदी स्वच्छ, दुसरा कधी स्वच्छ तर कधी गोंगाटात. दुसरा भाग गोंगाटात असला की पहिले, स्वच्छ ऐकलेले आकडेसुद्धा कमी आठवले! नंतरचे आकडे ओळखण्यात एवढी ताकद गेली की आधीचे घोकून पक्के करायला काही उरलंच नाही. तुमच्या आई लग्नातलं विसरतात असं आपण म्हणतो, पण त्यातलं बरंचसं मुळात साठवलंच गेलेलं नसतं.

लक्ष देण्याचाही भाग आहेच. एका कानात एक बोलणं आणि दुसऱ्यात दुसरं, असे प्रयोग कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ पासून केले. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत तसाच प्रयोग झाला: दुर्लक्ष करायला सांगितलेल्या कानात हळूच त्या माणसाचं नाव घेतलं. ज्यांची वर्किंग मेमरी कमी त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना ते ऐकू आलं, जास्तवाल्यांपैकी फक्त २० टक्क्यांना. थोडक्यात, नको ते बाहेर ठेवण्याचं कामही हीच करते. शेजारच्या टेबलावरच्या गप्पांत आई हरवत असतील, तर त्या तुमच्याकडे लक्ष देत नाहीत असा अर्थ काढू नका. (घरोघरी यावरून भांडणं होतात.)

सगळं मेंदूवर ढकलण्याचंही कारण नाही. मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत आली, तरी कानातल्या मज्जातंतूंचे जोड कायमचे गेलेले असू शकतात, हे २००९ मध्ये उंदरांवर दिसलं. आई कारखान्यात किंवा यंत्रांजवळ काम करत होत्या का, हे तपासणाऱ्याला जरूर सांगा.

न्यूरॉलॉजिस्टकडे कधी जायचं? शांत खोलीत, समोरासमोर बसूनही बोलण्याचा धागा सुटत असेल, तोच प्रश्न पुन्हापुन्हा येत असेल, रोजच्या रस्त्यावर किंवा पैशांच्या हिशेबात गोंधळ होत असेल, तर थांबू नका. फक्त एक काळजी घ्या. स्मरणशक्तीच्या चाचणीत बरेचदा शब्द तोंडी सांगतात. ओपीडीत वर पंखा खडखडतोय, दार सताड उघडं, बाहेर नंबर पुकारतायत, अशात ती घेतली तर कमी गुण कानाचे की स्मृतीचे हे कुणालाच सांगता येणार नाही. शांत खोली मागून घ्या.

आमच्याकडे आलात तर गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी मागा, आणि ती मराठीत होते का विचारा. दुसऱ्या भाषेतलं बोलणं शांततेत उत्तम कळणाऱ्यांनाही गोंगाटात जड जातं, त्यामुळे इंग्रजी वाक्यांवर आलेला निकाल फसवा.

घरच्यांनी काय करायचं? मोठ्याने ओरडू नका, त्याने बारीक व्यंजनं काही सुधारत नाहीत. आधी विषय सांगा: 'आई, केदारच्या नव्या घराचं बोलतोय.' वयस्कर माणसांचा शब्दसाठा शाबूत असतो आणि संदर्भ मिळाला की ती त्याचा उत्तम फायदा घेतात. चेहरा दिसेल असं बसा. ओठ दिसले की गोंगाटात बरंच जास्त कळतं हे १९५४ पासून माहीत आहे. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबा, ते दोन-तीन सेकंद त्यांना मिळू द्या. हॉटेलात भिंतीकडे पाठ करून बसवा आणि किचनच्या दारापासून लांबचं टेबल घ्या.

पुढे कधी कानाचं मशीन लागलंच, तर त्याचं सेटिंगही या गोष्टींवर अवलंबून असतं. आवाज झटपट लहानमोठा करणारं सेटिंग वर्किंग मेमरी चांगली असलेल्यांना सहसा मानवतं. इतरांना बरेचदा संथ सेटिंग बरं वाटतं. दुकानातून परस्पर मशीन उचलू नका, ते एवढ्यासाठीच.

शब्दकोडी आणि मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांबद्दल विचारलंत. त्या खेळात माणूस तरबेज होतो, पण गोंगाटातलं बोलणं त्याने विशेष सुधारल्याचं दिसलेलं नाही. आवडत असतील तर आईंना खुशाल खेळू द्या, पैसे भरून ॲप मात्र घेऊ नका.